आईंना विचारलंत का?

मार्च २०२३ चं कॅलेंडरचं पान मी अजून जपून ठेवलंय. त्यातल्या एका आठवड्याच्या चौकोनांत पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा आहेत. सोमवारी चार, मंगळवारी सहा, रविवारी नऊ, सगळ्या मिळून एकतीस. आमच्या सासूबाईंची एखादी गोष्ट त्यांना न विचारता ठरवली, किंवा त्यांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कोणी मध्येच देऊन टाकलं, की एक रेघ. रविवारी पाहुणे होते, म्हणून नऊ.

मी वाईला राहते. बत्तीस वर्षं बँकेत काउंटरवर बसले, मागच्या वर्षी निवृत्त झाले. सासूबाईंना मी लग्न झाल्यापासून आईच म्हणते. त्या आता ८३ वर्षांच्या आहेत. आमच्या घरात त्यांच्याशी कोणी वरच्या पट्टीत बोलत नाही. सणावाराला सगळे वाकून नमस्कार करतात, पहिलं पान त्यांचं वाढलं जातं. तरीही एकतीस रेघा पडल्या. मान देणं वेगळं आणि विचारणं वेगळं, हे मला त्या पानाने शिकवलं. आपल्याकडे मान भरपूर देतात, विचारायचं मात्र राहून जातं. हे घरात कसं बदलायचं, ते आम्ही केलं त्या क्रमाने सांगते.

सुरुवात बँकेत झाली. एक आजी टोकन घेऊन उभ्या होत्या. त्यांचा नंबर आला तसा मुलगा पुढे झाला आणि म्हणाला, "तिला काही कळत नाही, काय ते मला सांगा." आजींच्या मुठीत घडी घातलेली पैसे काढायची स्लिप होती. मी हात पुढे केला. त्यांनी ती घडी उलगडली, काचेखालून सरकवली. रक्कम अंकी, अक्षरी, खाते क्रमांक, तारीख, सही, सगळं जिथल्या तिथे. मी पैसे आजींच्या हातात मोजून दिले, आणि दिवसभर त्या मुलाबद्दल मनात राग धरून बसले.

संध्याकाळी घरी आले तर वायरमन आला होता. आईंच्या खोलीत नवीन बोर्ड बसवायचा होता. त्याने मला विचारलं, "ताई, बटन कुठे घेऊ?" मी भिंतीवर हात ठेवून म्हटलं, "इथे." आई पलंगावर बसून बघत होत्या. बोर्ड बसला माझ्या खांद्याच्या उंचीवर. आईंचा उजवा खांदा आखडलेला, हात तेवढा वर जातच नाही. त्या आठवडाभर दिवा लावायला कोणाची तरी वाट बघत बसत, पण बोलल्या नाहीत. मला ते आठव्या दिवशी कळलं. बँकेतल्या त्या मुलात आणि माझ्यात काय फरक होता?

आधी नुसतं मोजा

लगेच काही बदलायला जाऊ नका. पहिला आठवडा फक्त रेघा ओढा. घरात कोणाला सांगितलं नाही तरी चालेल. मीही पहिले तीन दिवस सांगितलं नव्हतं. रेघ कशाला ओढायची ते पक्कं ठरवा. पाहुण्याने विचारलं, "आजी, चहा घेणार?" आणि सून म्हणाली, "त्या घेत नाहीत या वेळेला," ही रेघ. डॉक्टर, रिक्षावाला, गुरुजी, दुकानदार यांच्यापैकी कोणी त्यांच्याबद्दलचा प्रश्न तुम्हाला विचारला आणि तुम्ही उत्तर दिलंत, ही रेघ. त्यांच्या खोलीतली वस्तू हलवली, त्यांच्या लुगड्यांतली जुनी म्हणून कोणाला देऊन टाकली, टीव्हीचं चॅनल बदललं, ही रेघ. "आता तुम्ही कशाला," "तुम्ही बसा हो," "तुम्हाला नाही जमायचं," ही वाक्यं आली की रेघ.

मोजताना एक लक्षात येईल. यातलं जवळजवळ सगळं प्रेमापोटी होतं. त्यामुळे ते अंगवळणी पडतं आणि कोणी त्याला चूक म्हणत नाही.

डोक्यावर शंका घेण्याआधी कान बघा

आता मुख्य गोष्ट. आदल्या वर्षी दिवाळीनंतर आईंच्या हातून दुधाचा कुकर जळला होता. दुहेरी भिंतीचा, मध्ये पाणी घालून ठेवायचा, दूध तापलं की शिट्टी वाजते तो. आई दूध ठेवून देवघरात गेल्या. शिट्टी वाजत राहिली, पाणी आटलं, कुकर काळाठिक्कर पडला आणि घरभर धूर झाला. त्या दिवशी आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि ह्यांनी, ठरवून टाकलं की आईंना आता विस्मरण व्हायला लागलंय. गॅसला हात लावायचा नाही. वाईट शब्दात नव्हे, "आई, तुम्ही खूप केलंत, आता आराम करा," असं म्हणून.

पाच महिने त्या गॅसजवळ गेल्या नाहीत. त्या पाच महिन्यांत त्या हळूहळू गप्प होत गेल्या. काही विचारलं की "हो." जेवायला काय करू, "हो." औषध घेतलं का, "हो." मग आमची खात्रीच पटली.

रेघांचा आठवडा संपल्यावर मी पहिल्यांदा नीट लक्ष देऊन बघितलं. मी समोर बसून बोलले की उत्तर बरोबर यायचं. पाठमोरी असले, मिक्सर चालू असला, की "हो." कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही कानांत मळ घट्ट बसलेला होता, तो काढल्यावर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, केली. दोन्ही कानांचं ऐकणं कमी झालेलं निघालं, तेही वरच्या पट्टीतलं जास्त. वयामुळे ऐकणं कमी होतं तेव्हा बारीक, तीव्र आवाज आधी जातात. स, श, फ यांसारखी अक्षरं पुसट होतात, बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज अवघड होतात. आणि शिट्टी तर ऐकूच येईनाशी होऊ शकते. आई दूध विसरल्याच नव्हत्या. शिट्टी वाजली की जायचं म्हणून त्या देवघरात शिट्टीची वाट बघत बसल्या होत्या.

हे मला कळलं तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर बसून रडले. आम्ही एका शहाण्या बाईला पाच महिने वेड्यात काढलं होतं.

म्हणून सांगते, "आताशा त्यांना कळत नाही" असं म्हणण्याआधी कान तपासा, डोळे तपासा, कवळी नीट बसते का बघा. बोलताना समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडू दे, टीव्ही आणि मिक्सर बंद करा, एका वेळी एकानेच बोला. ओरडू नका. ओरडल्याने आवाज चिरका होतो आणि आणखीच कळत नाही. जरा खालच्या पट्टीत, संथ बोला. एकदा सांगून कळलं नाही तर तेच शब्द पुन्हा पुन्हा आपटू नका, वेगळ्या शब्दांत सांगा. "जाऊ दे, काही नाही," हे तर कधीच म्हणू नका. आईंना सगळ्यात जास्त लागायचं ते हेच, त्यांनी मला नंतर सांगितलं.

कानाचं यंत्र लावलं की लगेच सगळं छान होत नाही. पहिले काही आठवडे भांड्यांचा, पंख्याचा, स्वतःच्या चावण्याचाही आवाज नकोसा होतो. शांत खोलीत रोज थोडा थोडा वेळ लावून सवय करा. पुष्कळ घरांत महिन्याभरात यंत्र कपाटात जातं आणि "आजी लावतच नाहीत" म्हणून सगळे मोकळे होतात. यंत्र पुन्हा जुळवून घ्यायला दोन-तीन फेऱ्या माराव्याच लागतात.

आणि एक महत्त्वाचं. चांगलं बोलणारं वयस्कर माणूस एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलायला लागलं, रात्र-दिवस कळेनासं झालं, तर ते वय नाही. लघवीत जंतुसंसर्ग, अंगातलं सोडियम उतरणं, पाणी कमी पडणं, नवीन सुरू झालेली गोळी, यांतलं काहीही असू शकतं आणि बहुतेक वेळा ते उपचाराने बरं होतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या.

काम परत द्या

धोका आहे म्हणून माणूस बाजूला करू नका, धोका बाजूला करा. गॅस परत आईंच्या हातात देताना आम्ही काय केलं? ओट्याजवळ एक पाठ असलेली खुर्ची ठेवली. दूध ठेवलं की आई तिथेच बसून भाजी निवडतात किंवा जप करतात. शिट्टी ऐकू आली नाही तरी वाफ दिसते. काडेपेटी काढून लायटर दिला. पदर खोचायचा हे त्यांनी स्वतःच ठरवलं. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहिले होते. त्यांनी मागे न वळता सांगितलं, "तू जा, तुझं टोकन चालू होईल." मी बँकेत निघून गेले.

बाथरूममध्ये हाताला धरायची दांडी, कोरडं पायपुसणं, रात्रभर जळणारा छोटा दिवा, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त दांडी किती उंचीवर हवी ते ज्यांना धरायची आहे त्यांना विचारून खूण करा. आमचा बोर्डही वायरमनला परत बोलावून खाली घेतला. या वेळी आईंनीच खडूने खूण केली.

काम परत देताना ते खरं असलं पाहिजे. "आजी, तुम्ही शेंगा सोला," म्हणून शेंगा द्यायच्या आणि मग बाजारातून सोललेले दाणे आणायचे, हे त्यांना कळतं. आमच्याकडे दुधाचा आणि पेपरचा हिशोब आईंकडे आहे. महिन्याच्या शेवटी दूधवाला त्यांच्यासमोर उभा राहतो. एकदा त्यांनी दीड लिटरचा फरक काढून दाखवला होता.

आमच्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होऊन गेले. १९९४ साली वयाच्या ९३ व्या वर्षी ते गेले, तेव्हाही मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक होते. गावात ही गोष्ट अभिमानाने सांगतात, मीही सांगते. पण घरात हे उदाहरण देऊ नका. "बघा, या वयात ते काय करत होते," असं ऐकून गुडघे दुखणाऱ्या माणसाला फक्त कमीपणा वाटतो. दिवसभर ओसरीवर बसून राहावंसं वाटणाऱ्या माणसालाही, खुर्ची कुठे ठेवू, हे विचारायचंच असतं.

तोंडातले शब्द

आई जन्मल्या त्या १९४० च्या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान जेमतेम बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे खरं, पण ऐंशी गाठणारी माणसं गावात हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच असायची. आता सरासरी सत्तरीला पोचली आहे. राज्य सरकारी नोकर ५८ व्या वर्षी निवृत्त होतो आणि त्यापुढे वीस-पंचवीस वर्षं सहज जगतो. आपल्या म्हणी मात्र जुन्याच राहिल्या आहेत. "साठी बुद्धी नाठी" ही म्हण मी घरात बंद केली. मुलीलाही सांगितलं, भाच्यांनाही. "पिकलं पान" हेही नको.

"म्हातारचळ" हा शब्द तर माझ्या कानांना सहनच होत नाही. आमच्या आळीत एक निवृत्त गुरुजी आहेत. पत्नी गेल्यावर चार वर्षांनी, ७२ व्या वर्षी, त्यांनी पेटी शिकायला सुरुवात केली आणि दोन रंगीत झब्बे शिवून घेतले. आळीने लगेच तो शब्द वापरला. विशीतल्या मुलाने हेच केलं असतं तर हौशी म्हणाले असते. मी तेव्हा भाजीवाल्यापाशी उभ्या असलेल्या बायकांना सरळ म्हटलं, "त्यांना पेटी शिकावीशी वाटली, त्यात चळ काय?" भांडण झालं नाही. दोघी गप्प झाल्या आणि एकीने विचारलं, शिकवणी कोण घेतं. कोणीतरी असं साध्या शब्दांत विचारावं लागतं, आवाज न चढवता.

"दुसरं बालपण" हेही सोडा. त्यातूनच "अगं बाळा, औषध घेतलंस का," असलं लाडिक बोलणं येतं. लहान मुलाने कधी संसार चालवलेला नसतो, कर्ज फेडलेलं नसतं, माणसं पोचवलेली नसतात. "वय वाटत नाही हो तुमचं," हे कौतुकाने म्हणतात, पण त्याचा अर्थ असा होतो की वय दिसणं वाईट. साडी छान आहे तर साडी छान आहे एवढंच म्हणा.

आणि वयस्कर माणसं स्वतःच म्हणतात, "आता माझं काय राहिलंय, देवाने उचललं तर बरं." यावर आपण घाईने "असं अभद्र बोलू नये" म्हणतो आणि विषय संपवतो. तसं करू नका. शेजारी बसा आणि विचारा, आज काय झालं? आईंनी असं म्हटलं त्या दिवशी मी बसले. बरंच आडवळण घेऊन कळलं की चपलेचा अंगठा तुटून चार दिवस झाले होते, त्यामुळे घाटावर गणपतीला जाणं बंद पडलं होतं, आणि "एवढ्यासाठी कोणाला कशाला सांगायचं" म्हणून त्या घरात बसून होत्या. पंधरा मिनिटांत चांभाराकडून चप्पल शिवून आणली. दर वेळी एवढं सोपं नसतं. भूक, झोप, बोलणं दोन-तीन आठवडे गेलेलं असेल तर ते डॉक्टरांना सांगा. म्हातारपणातलं नैराश्य हा आजार आहे, त्यावर औषध आहे, आणि "या वयात असंच व्हायचं" म्हणून ते अंगावर काढायचं नाही.

दवाखान्यात

डॉक्टरांच्या टेबलाजवळची खुर्ची ज्यांना दुखतंय त्यांची. तुम्ही मागच्या खुर्चीवर बसा. आदल्या रात्री दोघांनी मिळून काय काय विचारायचं ते चिठ्ठीवर लिहा, मोठ्या अक्षरात, आणि चिठ्ठी त्यांच्या हातात द्या. डॉक्टर सवयीने तुमच्याकडे बघून विचारतील, "जेवण कसं आहे यांचं?" तुम्ही आईंकडे बघा. दोन-तीन क्षण शांततेत जातात, तेवढे जाऊ द्या. "वय झालं, चालायचंच," असं उत्तर मिळालं तर नम्रपणे विचारा, "वयाने झालं असेल, पण त्रास कमी करायला काय करता येईल?"

पैसा आणि सही

हे माझ्या नोकरीतल्या रोजच्या कामातलं, म्हणून जरा सविस्तर.

वयस्कर माणसाचं खातं त्याच्याच नावाने चालू राहू द्या. सोयीसाठी कोणाचं नाव जोडायचं असेल तर कोणाचं ते त्यांनी ठरवायचं. वारसनोंद, म्हणजे नॉमिनेशन, केलेली आहे का हे त्यांना विचारा, नसेल तर त्यांच्या मर्जीने करून घ्या. हात थरथरतो, सही जुळत नाही, म्हणून स्लिप परत आली तर "आता तुमचं खातं मीच बघतो," असं म्हणू नका. शाखेत जाऊन नमुना सही नव्याने देता येते. सही अजिबातच जमत नसेल तर साक्षीदारांसमोर अंगठा चालतो. अंगठा म्हणजे अडाणी, हा अपमान मी काउंटरवर फार पाहिला आहे. पार्किन्सन झालेल्या निवृत्त मुख्याध्यापकांचा अंगठा घेताना मी उभी राहिले होते.

सत्तरीपुढच्या खातेदारांना काही सेवा घरी देण्याची व्यवस्था करावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे. शाखेत त्याची चौकशी करा. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. केंद्र सरकारचे ऐंशी वर्षांपुढचे निवृत्तिवेतनधारक नोव्हेंबरची वाट न बघता १ ऑक्टोबरपासून तो देऊ शकतात. नोव्हेंबरातल्या रांगेत त्यांना उभं करू नका.

घर, जमीन मुलांच्या नावावर करायची घाई नको. मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येतं, बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की सहजी मागे घेता येत नाही. द्यायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट त्या कागदात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार त्या अटीवर उभा राहतो. अट मोडली तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. त्याच कायद्याखाली मुलांकडून निर्वाहाचा खर्च, महिन्याला दहा हजारांपर्यंत, मागण्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. त्यापर्यंत जाण्याआधी कोणाशी बोलायचं असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी आहे. हा नंबर मी आईंच्या फोनमध्ये घालून दिला. त्यांना आमची तक्रार करायची झाली तरी करता यावी म्हणून.

मोबाइल शिकवताना एकच पथ्य पाळा. तुमचे दोन्ही हात पाठीमागे. फोन त्यांच्या हातात राहिला पाहिजे. "द्या इकडे, मी करते," म्हटलं की शिकवणं संपलं. आमच्या मुलीने असं शिकवलं, तेव्हा व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायला आईंना चार दिवस लागले. पाचव्या दिवशी त्यांनी तिच्या आत्याला पुरणाची कृती बोलून पाठवली. फोनवर पोलिस म्हणून कोणी धमकावलं, ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्यायचा, पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीला कळवायचं, हे मात्र धाक न घालता समजावून सांगा. फसले तर घरचे रागावतील या भीतीनेच माणसं ते लपवतात.

एकटीने एसटीने

आईंची धाकटी बहीण साताऱ्याला असते. त्यांना भेटायला जायचं म्हणजे कोणाला तरी सुट्टी मिळेपर्यंत थांबायचं, असं दहा वर्षं चाललं होतं. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत झाली, ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं तिकीट आहे. आईंनी ते पेपरात वाचलं होतं आणि कात्रण उशीखाली ठेवलं होतं. आम्हाला ते कात्रण चादर बदलताना सापडलं.

मग तयारी केली. आधार कार्ड पाकिटात, वरच्या कप्प्यात. एका चिठ्ठीवर नाव, गोळ्या आणि आमचे दोन फोन नंबर. गर्दी नसलेली सकाळची गाडी. पहिल्यांदा मुलगी त्याच गाडीत मागे तीन बाकं सोडून बसली, आईंना सांगूनच. दुसऱ्यांदा आई एकट्या गेल्या. मी वाई स्टँडवर गाडी सुटेपर्यंत उभी होते आणि तासाभराने फोन आला, "पोचले. इथे चहा चांगला केलाय."

सोहळ्यातही विचारा

हजार पौर्णिमा बघून झाल्या की सहस्रचंद्रदर्शन करतात. हिशोब केला तर वयाची ऐंशी वर्षं आणि साधारण दहा महिने भरतात. आईंचं २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत करायचं ठरलं. ठाण्याच्या दिरांनी हॉल बघितला, जेवणाचा बेत ठरला, तुला, म्हणजे आईंच्या वजनाइतकं दान, कशाची करायची यावर व्हॉट्सॲपवर आठ दिवस चर्चा झाली. कॅलेंडर माझ्या डोळ्यासमोर होतं, म्हणून मी मध्येच लिहिलं, "आईंना विचारलंत का?" कोणी विचारलं नव्हतं.

रात्री जेवणं झाल्यावर मी विचारलं. त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला-बिला काही नको. मला बहिणीने ओवाळावं."

सातारच्या मावशी विधवा आहेत. आईही. आमच्या घरात विधवेने औक्षण केल्याचं कोणाला आठवत नव्हतं. आई अठरा वर्षं हळदीकुंकवाच्या दिवशी आपणहून आतल्या खोलीत जाऊन बसत आणि आम्ही त्याला त्यांची आवड समजत होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या अशा प्रथा बंद केल्या, नंतर राज्य सरकारनेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. मी ते बँकेत वाचलं होतं, सहकाऱ्यांशी तावातावाने बोलले होते. आतल्या खोलीत बसलेल्या बाईकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

हॉल रद्द केला. घरीच, ओसरीवर पाट मांडला. एका नातेवाईक बाईंनी हलक्या आवाजात "असं चालतं का," म्हटलं. ह्यांनी उत्तर दिलं, "आईला हवंय," आणि तेवढ्यावर ते थांबलं. मावशींचा हात कापत होता, निरांजन हलत होतं. आईंनी खालून तबकाला हात लावून धरला. दोघी एकमेकींकडे बघत होत्या, बाकी कोणाकडे नाही. मग मावशींनी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि आईंनी तबक स्वतःकडे घेऊन मावशींना लावलं.

पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण आईंनी दिलं. काय द्यायचं तेही त्यांनीच ठरवलं, चहाची गाळणी.

हे सगळं झाल्यावर आम्ही सुधारलो आणि संपलं, असं नाही. कॅलेंडर अजून तिथेच आहे, पेन्सिल दोऱ्याने बांधून लटकवली आहे, फक्त ती आता आईंच्या ताब्यात असते. मागच्या आठवड्यात मी त्यांचा नवा चष्मा मुलीबरोबर फोनवर बोलून नक्की करून टाकला. स्वयंपाकघरात आले तर आई खुर्चीवरून उठून कॅलेंडरपाशी उभ्या होत्या. त्यांनी गुरुवारच्या चौकोनात रेघ ओढली, चष्म्याच्या दुकानाचं कार्ड माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "चल, मला फ्रेम बघायचीय." आम्ही रिक्षाने गेलो. त्यांनी अकरा फ्रेम लावून बघितल्या आणि निळी घेतली.